दिवे गेल्याची वही

आमच्या बैरूतमध्ये वीज गेली की कुणी मान वर करत नाही. अर्धं वाक्य उजेडात बोलून झालेलं असतं, उरलेलं अर्धं अंधारात पुरं होतं. कॉफीचा कप ओठांकडे निघालेला असतो, तो ओठांपर्यंत पोचतो. मग खालच्या अंगणातलं जनरेटर खोकत खोकत सुरू होतं, दिवे येतात, आणि मध्ये काही घडलं होतं हे कुणाच्या गावीही नसतं. परगावचा माणूस मात्र लगेच ओळखू येतो, कारण तो छताकडे बघतो. आम्ही त्याला हसतो.

मीही हसायचे. आता हसत नाही.

मी नजला. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पेशी वाढवते आहे. तोंडाने फटकळ आहे, पण कामात चोख, असं सगळे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. आमच्या डोंगरातल्या कितीतरी घरांत रक्तातल्या चरबीचा एक रोग वंशपरंपरेने चालत आलाय. एका बाजूने आला तर माणूस पन्नाशीत छाती धरून बसतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तर लहान पोराच्या कोपरांवर, टाचांवर पिवळे गोळे येतात आणि विशीच्या आतच हृदय थकतं. अशा पोरांच्या कातडीचा चिमूटभर तुकडा माझ्याकडे येतो. त्यातल्या पेशी मी बशीत वाढवते आणि त्यांचे हात बघते.

हात म्हणजे काय ते सांगते. पुस्तकात त्याला ग्राही म्हणतात, मी हात म्हणते. पेशीच्या अंगावर असे हजारो हात असतात. रक्तातून चरबीचा कण वाहत आला की हात तो धरतो. मग तिथली कातडी खड्ड्यासारखी आत वळते, खड्डा मिटतो, आणि हात कणासकट पेशीच्या पोटात जातो. माल आत टाकला की हात रिकामा होऊन पुन्हा बाहेर. दहा मिनिटांचं काम, दिवसरात्र चालू. हे हात नसले, किंवा असून आत वळत नसले, तर चरबी रक्तातच फिरत राहते आणि धमन्यांत बसते. पेशीची आणखी एक खोड आहे. तिचं पोट भरलेलं असलं की ती हात बाहेर काढतच नाही. म्हणून हात मोजायचे असतील तर आधी दोन दिवस तिला उपाशी ठेवावं लागतं, चरबी पार काढून टाकलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यात. माझी सगळी चूक या उपासात झाली.

ताक्लाला मी दोन वर्षं ओळखते. झहलेची पोरगी, आता पंधरा वर्षांची. उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्या घालते, कोपरं दिसू नयेत म्हणून. आई चौतिसाव्या वर्षी स्वयंपाक करता करता गेली. बाप ट्रक घेऊन दूरदूर असतो, तेव्हा वाढवलं ते आत्याने, जुमानाने. दर गुरुवारी ताक्ला तिसऱ्या मजल्यावर चार तास यंत्राला लावलेली असते. यंत्र रक्त बाहेर काढतं, चरबी गाळतं, रक्त परत देतं. त्याची बॅटरी मेल्याला तीन वर्षं झाली. वीज गेली आणि जनरेटर लवकर आलं नाही, तर रक्त नळीत थांबून गोठू नये म्हणून कुणीतरी पंपाचा दांडा हाताने फिरवायचा. नर्स मोकळी नसली तर वरांड्यातून जाणारं कुणीही.

तिच्या जनुकाचा कागद परदेशातून आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं की असा बदल आम्ही आधी पाहिलेला नाही, अर्थ सांगता येत नाही. म्हणजे अर्थ पेशींनीच सांगायचा होता. हात थोडे जरी कामाचे असते तर नव्या औषधांना काही करता आलं असतं. हात मुळीच नसतील तर औषध चालणार कशावर? मग एकच रस्ता, दुसऱ्याचं यकृत, कारण असे हात सर्वांत जास्त तिथेच असतात. ते द्यायला जुमाना तयार होती. मी फेब्रुवारीत अहवाल दिला: हात नाहीत. एकही नाही. तयारी नोव्हेंबरपासूनच चालू होती, आता शस्त्रक्रियेचा मंगळवार ठरला.

त्याच्या आधीच्या गुरुवारी मी दोन कप कॉफी घेऊन वर गेले. ताक्लाला कॉफी चालत नाही. दुसरा कप मीच पिते, पण तिला वास आवडतो.

"मावशी, आजचं शेवटचं पान," ती म्हणाली. तिच्या मांडीवर शाळेची चौकटींची वही होती.

"कसलं पान?"

"ही बघ. दिवे गेल्याची वही. मंगळवारनंतर लागायची नाही, तेव्हा ती तुला देऊन टाकते."

मी वही उघडली. तारीख, वेळ, किती मिनिटं, दांडा कुणी फिरवला. दोन वर्षांची पानं, हिरव्या शाईत.

"हे कशाला लिहितेस गं? इथे वीज जाते ही काय बातमी आहे?"

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. "तुमचं रक्त तुमच्या आतच असतं. माझं तिकडे नळीत असतं. मिनिटभराचं मी लिहीत नाही. दांडा फिरवावा लागला तरच. तुझं नाव सहा वेळा आलंय. वाचू?" आणि तिने माझ्याच आवाजाची नक्कल करत वाचलं, "पंचवीस जानेवारी. अकरा वीस ते अकरा एकतीस. नजला मावशी. खांदा दुखला म्हणून वीजमंत्र्याच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या."

मी हसले. बाजूची नर्सही हसली. हसता हसता मला ती तारीख आठवली.

पंचवीस जानेवारीला, गुरुवारी, खालच्या मजल्यावर माझं सेंट्रिफ्यूज फिरत होतं. तिच्याच चाचणीचं सीरम त्यात होतं. बुधवारी सकाळी लावायचं आणि शुक्रवारी सकाळी काढायचं असा माझा शिरस्ता. अठ्ठेचाळीस तास एका दमात गरगर फिरलं की चरबी वर तरंगते, खाली नितळ सीरम राहतं, ते काढून घ्यायचं. मिनिटभर वीज गेली तर यंत्र आपल्याच वेगाने तग धरतं. अकरा मिनिटांत त्याचा वेग पार उतरतो आणि वर जमलेली चरबी पुन्हा खाली मिसळते. वीज आली की ते आपलं आपण पुन्हा वेग धरतं, आणि पडद्यावरचे तास काही झालंच नाही असे पुढे सरकत राहतात. ती अकरा मिनिटं मी वर उभी राहून ताक्लाचा दांडा फिरवत होते, शिव्या देत होते, आणि खाली माझं काय थांबलं असेल हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. वीज गेली होती, एवढंच.

मी जिना उतरून धावले. फ्रीजमध्ये ती बाटली होती, तळाशी दोन बोटं उरलेली. खिडकीशी धरून बघितली. जराशी पिवळट. शुक्रवारी काढतानाही ती पिवळट दिसली होती आणि मी स्वतःशी म्हटलं होतं, असेल, प्रत्येकाचं रक्त वेगळं. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा हाच तोटा. माणूस स्वतःला पटकन पटवतो.

तशीच हकीम रिझकल्लांच्या खोलीत गेले. आमच्या विभागाचे प्रमुख. मोठा माणूस, पण माझ्याशी बोलताना सावध असतो.

"ताक्लाचा अहवाल चुकला असेल," मी म्हणाले. "तिच्या पेशी उपाशी नव्हत्याच. पोट भरलेलं होतं, म्हणून हात काढले नसतील. हात नाहीत असं मी कशाच्या जोरावर म्हणू?"

त्यांनी चष्मा काढला. "तुलनेला निरोगी पेशी ठेवल्या होत्यास ना? त्यांचे हात दिसले होते?"

"दिसले होते."

"मग झालं तर! सीरम खराब असतं तर त्यांचेही दिसले नसते. उगाच घाबरवतेस."

मलाही जिन्यात क्षणभर तेच वाटलं होतं, आणि केवढं हायसं वाटलं होतं. पुढच्या पायरीवर आठवलं.

"त्यांना ती बाटली दिली नव्हती," मी म्हणाले. "जुनी दिली होती. डिसेंबरची."

"का?"

"नवी ताक्लासाठी ठेवली होती."

"अगं पण का? दोघांना एकाच बाटलीतलं द्यायचं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं!"

"हकीम, तुमच्या घरी पाहुणा आला तर कालची रोटी त्याच्यापुढे ठेवाल? ताजी त्याला, शिळी घरच्यांना. या निरोगी पेशी माझ्याच कातडीच्या आहेत, तीस वर्षांपूर्वी काढलेल्या. मी घरची. आजाऱ्याच्या पेशींना मी नेहमीच ताजी बाटली देते." हे बोलताना माझ्या आवाजात अजून थोडा अभिमान होता, याची मला आज लाज वाटते.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "मंगळवारचं टेबल मिळवायला चार महिने मी या-त्या दारात हात जोडलेत. सोडलं तर थेट जून. पोरीच्या हृदयाची धमनी अर्ध्याहून जास्त बुजलीय. आणि नव्याने चाचणी म्हणजे?"

"तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत तिचं काही झालं तर?"

"आणि मंगळवारी जुमानाचं काही झालं तर? नको असलेलं यकृत देताना?"

"जा, तू सांग त्यांना," ते ओरडले. "मी नाही सांगणार. तू निस्तर."

मी गेले. मागे बूट वाजले म्हणून वळून बघितलं तर ते येत होते. दारातच उभे राहिले, पण आले.

जुमाना पलंगाच्या कडेला बसून ताक्लाची वेणी घालत होती. गावच्या शाळेत गणित शिकवते. काटक बाई, आवाज खणखणीत. यकृतावरची चरबी उतरावी म्हणून चार महिने तिने तेल, भात, रोटी बंद केली होती, नऊ किलो उतरवले होते. लग्न ठरलं होतं, ते होणाऱ्या सासूने मोडलं होतं. अर्धी बाई आम्हाला नको, म्हणाली होती.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वीज, बाटली, ताजी आणि शिळी. काही लपवलं नाही.

जुमानाने वेणी सोडली. "म्हणजे तुला आज आठवलं?"

"आज कळलं."

"मी नऊ किलो उतरवले. शाळेत माझ्या जागी दुसरी ठेवली. पाद्र्याला बोलावून पापं कबूल करून झाली माझी, नसलेलीसुद्धा! आणि तू दोन कप कॉफी पिऊन वर येतेस नि सांगतेस की बाटली पिवळी होती?"

"हो."

"माझ्यावर उपकार करतेयस काय? माझं पोट वाचवतेस? मी मागितलं होतं वाचवायला? हिच्या आईला मी चुलीसमोर पडलेली बघितलीय. हातात पळी होती तिच्या. मला तीन आठवडे नकोत, मला मंगळवार हवाय!"

"हात असतील तर मंगळवारची गरजच नसेल, जुमाना."

"आणि नसतील तर? तीन आठवड्यांत ही गेली तर तू काय देशील मला? बाटली?"

मला तिचा राग आला, कारण ती बरोबर होती.

"आत्या," ताक्ला म्हणाली. एवढा वेळ ती भिंतीकडे बघत होती. "मला थांबायचंय."

"तू गप्प बस. तुला काय कळतं?"

"मला कळतं. तुला कापणार म्हणून मी तीन महिने झोपले नाहीये. रोज रात्री तू मेलेली दिसतेस. तू गेलीस आणि मी वाचले तर मी झहलेला कोणत्या तोंडाने जाऊ? मला ओरडायला तरी कोण राहील?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, कर. पण या वेळी सगळ्यांना एकाच बाटलीतलं दे."

जुमाना उठून वरांड्यात गेली. दाराशी हकीम होते, त्यांना तिने जवळजवळ ढकललं. थोड्या वेळाने परत आली आणि कुणाकडे न बघता अर्धी राहिलेली वेणी पुरी केली.

मंगळवारचं टेबल दुसऱ्या कुणाला गेलं.

मला अखंड अठ्ठेचाळीस तास हवे होते. बैरूतमध्ये अठ्ठेचाळीस तास अखंड वीज मागणं म्हणजे वाळवंटात होडी मागणं. इस्पितळाच्या जनरेटरचा भरवसा नव्हता. मी मागच्या गल्लीतल्या अबू मीलादकडे गेले. त्याचं जनरेटर सगळ्या मोहल्ल्याला वीज विकतं. माणूस लबाड, पण यंत्राची निगा बायकोपेक्षा जास्त ठेवतो.

"दोन दिवस अजिबात बंद नाही पडलं पाहिजे," मी म्हणाले.

"काय, विमान उडवणार आहेस?"

"एका पोरीचं सीरम फिरवायचंय."

"पोरगी कुठली?"

"झहलेची."

"झहलेच्या लोकांनी मला एकदा जत्रेत फसवलंय," तो म्हणाला. मग दाढी खाजवत म्हणाला, "तार खिडकीतून आत घे. माझं एक यंत्र थकलं तर दुसरं आपोआप चालू होईल असं जोडून देतो. पण त्या दोन दिवसांत तुमचे ते हकीम माझ्या तारेवर कॉफीचं पाणी तापवताना दिसले तर कापून टाकीन."

जाडी काळी तार गल्लीवरून, धोब्याच्या दोरीला लागून, माझ्या खिडकीत आली. मी सेंट्रिफ्यूजसमोर खुर्ची टाकली. माझ्या फडताळावर मआमूलचा, म्हणजे ईदला करतात त्या सारण भरलेल्या रव्याच्या बिस्किटांचा, एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात मी पेनं ठेवते. त्यातलं एक घेऊन दर तासाला कागदावर खूण करत गेले. या डब्याचं पुढे सांगते. खोलीतले दिवे त्या दोन दिवसांत नऊ वेळा गेले. यंत्राचा सूर एकदाही उतरला नाही. शुक्रवारी नळी उजेडात धरली तर वर नारिंगी थर, सुरीने कापल्यासारखा, आणि खाली पाण्यासारखं नितळ. जुनी पिवळट बाटली शेजारी धरली तर फरक कोणत्याही गृहिणीने ओळखला असता.

मग ताक्लाच्या गोठवून ठेवलेल्या पेशी काढल्या आणि वाढवायला घातल्या. पेशींना घाई करता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात ताक्लाच्या छातीत कळ आली, तीही शाळेच्या तीन पायऱ्या चढताना. जुमानाने मला फोनवर आवाज पाठवला. "तुझ्या पेशी वाढल्या का? इथे हिचे ओठ निळे पडलेत." एवढंच. मागे ताक्लाचा श्वास ऐकू येत होता. मी तो संदेश पुन्हा ऐकला नाही, पुसलाही नाही. बशी उजेडाखाली धरून बघायचे, पेशी आपल्या चालीने वाढत होत्या, आणि मी त्यांना मोठ्याने शिव्या द्यायचे.

पोरीला इस्पितळात ठेवून घेतलं. हकीम मला जिन्यात भेटले की मान वळवून जायचे.

अखेर तो दिवस आला. माझ्या पेशी आणि ताक्लाच्या पेशी दोन दिवस एकाच बाटलीतल्या सीरमवर उपाशी ठेवलेल्या. बशा बर्फावर ठेवल्या आणि रंग लावलेली चरबी घातली. गारठ्यात हात धरतात, पण आत जाऊ शकत नाहीत. त्यामुळे हात आहेत की नाहीत ते आधी नीट बघता येतं. जादा रंग धुऊन टाकला आणि आधी माझी बशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पेशीच्या कडेने लाल ठिपक्यांची रांग. ठीक. मग ताक्लाची. डोळा लावायच्या आधी मी क्रूसाची खूण केली, जी मी प्रयोगशाळेत कधी करत नाही.

कड लाल होती. माझ्या पेशीइतकीच लाल.

हात होते. सगळे होते. मी दिला होता तो अहवाल खोटा होता, आणि त्याच्या जोरावर आम्ही एका धडधाकट बाईचं पोट फाडणार होतो. मी खुर्चीवर बसून रडले आणि रडतानाच घड्याळ लावलं, कारण काम अर्धंच झालं होतं. दोन्ही बशा अंगाच्या उबेला आणल्या. पाच मिनिटं, दहा, वीस. माझ्या पेशींची कड रिकामी झाली, ठिपके आत गोळा झाले. ताक्लाची कड तशीच लाल. हात चरबी धरून बसले होते आणि खड्ड्यात उतरत नव्हते. मी एक एक ठिपका मोजला, तीन वेळा मोजला. शंभरात नऊ आत गेले होते.

हकीमांनी स्वतः मोजले. "नऊ," ते म्हणाले. "शून्यावर काही चालत नाही, पण नऊवर चालू शकतं. औषधाने हात वाढवता आले तर आत नेणारेही वाढतील. उद्यापासून इंजेक्शन सुरू करू. जूनचं टेबल मात्र धरून ठेवतो." दारात थांबून म्हणाले, "तू सांग. चांगलंही तूच सांग."

वर जुमाना होती. मी आकडा सांगितला.

"शंभरातले नऊ?" गणिताची बाई ती. "परीक्षेत असे पडले तर मी पोराच्या बापाला बोलावते."

"यात पास आहे. निदान जूनपर्यंत."

तिने माझ्या दुखऱ्या खांद्यावर जोरात थापट मारली, मग आणखी एक, आणि तिसऱ्यांदा हात उगारून तसाच माझ्या गळ्यात टाकला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजवर म्हटलेलं नाही. त्या दुपारी तिने पाच महिन्यांनी पहिल्यांदा भात खाल्ला, तेल घालून, वरांड्यात उभं राहून, डब्यातूनच.

ताक्ला पलंगावर उशीला टेकून ऐकत होती. "मग त्या एक्क्याण्णव हातांचं काय?" तिने विचारलं. "धरून बसलेत, आत नेता येत नाही, सोडवतही नाही. मधेच अडकलेत बिचारे."

"हातांना काही वाटत नाही गं."

"तुला काय माहीत?" ती हसली. ओठ अजून फिकेच होते. मग सहज, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मावशी, माझ्याआधी किती जणांचं केलंस तू असं?"

मी म्हणाले, "या दोन वर्षांत सात."

"त्यांना पण ताजी बाटली दिलीस?"

मला ती सात नावं आठवायला लागली. तिने उशीखालून वही काढून माझ्या हातात दिली. त्या गुरुवारी मी ती तशीच टाकून धावले होते. "आता देऊन नाही टाकत," ती म्हणाली. "मला लागणार आहे. गुरुवारी परत आण."

खाली येऊन मी माझी नोंदवही आणि तिची हिरव्या शाईची वही शेजारी शेजारी उघडली. दोन वर्षं, सात माणसं, सात वेळा फिरवलेलं सीरम. प्रत्येक वेळी बुधवार ते शुक्रवार, म्हणजे प्रत्येक वेळी मध्ये एक गुरुवार. सहांच्या गुरुवारी तिच्या वहीत काही नव्हतं. त्याने ते सहा जण सुटले असं नाही. वही फक्त तिच्या चार तासांची, बाकीचे चव्वेचाळीस तास कुणी लिहिलेत? सातवा गुरुवार एकोणीस मेचा होता. दहा पाच ते दहा सव्वीस. दांडा: नर्स मुना.

एकोणीस मे म्हणजे नदीम. अक्कारचा, आठ वर्षांचा. अहवाल माझा: हात नाहीत. त्याच्या आईने त्याला अर्धं यकृत दिलं. तिला पित्ताचा संसर्ग झाला, तीन महिने ती इथेच पडून होती, शिवणाचं काम सुटलं ते सुटलंच. मुलगा जगला. रोज मूठभर गोळ्या घेतो, जन्मभर घेईल. आणि ती बाई, उम्म नदीम, दर ईदला अक्कारहून दोन बस बदलून माझ्यासाठी मआमूल घेऊन येते, कारण बाकी सगळे टोलवत होते तेव्हा तू मला लवकर खरं सांगितलंस, असं तिचं म्हणणं. पेनांचा डबा तिचाच आहे. एकदा तिने सदरा जरासा वर सारून पोटावरचा व्रण मला दाखवला होता, दागिना दाखवावा तसा.

कदाचित नदीमला खरंच हात नसतील. कदाचित अहवाल बरोबर असेल. त्याच्या पेशी माझ्याकडे गोठवलेल्या आहेत, अबू मीलादची तार अजून खिडकीत आहे. पुन्हा बघता येईल. पण कुणाला न सांगता बघणं मला जमणार नव्हतं. ईद बारा दिवसांवर होती. ती आपण होऊन आली असती, डबा घेऊन, मला दुवा देत. तोवर थांबायचा मोह मला झाला, हे कबूल करते.

मी फोन लावला.

"नजलाताई!" तिचा आवाज एवढा मोठा की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. आत्ता रवा भिजवायला काढला नि तुझंच नाव घेतलं. मागच्या वर्षी खजुराचे केले तर तू तोंड वाकडं केलंस. मी बघितलं हं! या वेळी पिस्त्याचे करते."

"उम्म नदीम, नदीम कसा आहे?"

"गोळ्यांनी तोंड फुगलंय, पण फुटबॉल खेळतो मेला. तुझ्या कृपेने. बोल, पिस्त्याचे करू ना?"

"करू नका," मी म्हणाले. "हातातलं काम ठेवा आणि जरा खाली बसा. मला तुम्हाला एका बाटलीबद्दल सांगायचंय."